समुद्रपुष्प
समुद्रपुष्प हा जेलीफिश व पोवळ्यांच्या संघातला, खडकाला तळाने चिकटून राहणारा बिनहाडाचा प्राणी. मुंबईत हाजी अली, कार्टर रोड येथील काळ्या खडकांत ओहोटीला साचून राहणाऱ्या डबक्यांत तो आढळतो. तोंडाभोवतीच्या संस्पर्शकांवर दंशपेशी असतात. कोळंबीचे पिल्लू नुसते घासून गेले, तरी पेशीतला गुंडाळलेला धागा क्षणार्धात सुटून त्याच्या अंगात रुततो. विषाने लुळे पडलेले भक्ष्य मग तोंडाकडे ओढले जाते. न पचलेले कवच त्याच तोंडातून बाहेर पडते, कारण दुसरे द्वारच नसते.

खरी कसोटी ओहोटीची. मुंबईला उधाणात पाणी 4 मीटरहून अधिक चढते-उतरते, त्यामुळे खडक कित्येक तास उघडे पडतात. उन्हात डबके तापते, खारटपणा वाढतो. पावसाळ्यात उलट गोडे पाणी भरते. अशा वेळी हा प्राणी संस्पर्शक आत ओढून, पोटात पाणी धरून मिटून बसतो. काही जाती अंगाला वाळू व शिंपल्यांचे कण चिकटवून घेतात. त्यामुळे अंग कमी तापते, कमी सुकते. मिटलेले समुद्रपुष्प वाळूच्या ओल्या गोळ्यासारखे दिसते आणि पायाखाली सहज चिरडते. म्हणून डबक्यांच्या कडेने पाऊल जपूनच टाकावे.