भोपळ्याचं वॅफल आणि पिठाचा कोंबडा



लाल भोपळ्याचं वॅफल आपल्या स्वयंपाकघरात चालतं का, यावर आमच्याकडे गेले काही महिने चर्चा सुरू आहे. त्यात काय पडतं याबद्दल कुणाची हरकत नाही. अंडं नाही, यीस्ट नाही, मध नाही, लोणी नाही. हरकत माझ्या धाकट्या नणंदेची आहे, आणि ती वेगळीच आहे. वयानं ती धाकटी, पण नियम-व्रतांत आम्हा सगळ्यांत थोरली. ती म्हणाली, "वहिनी, मूळ पदार्थ अंड्याचा. तुम्ही अंडं काढून त्याची नक्कल करता. मग यात आणि पिठाच्या कोंबड्यात फरक काय?"

यशोधर राजाची कथा आपण प्रवचनात ऐकलेली असते. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये संस्कृतात 'यशस्तिलक' पूर्ण केलं, त्यात ती विस्तारानं आहे. राजाला अशुभ स्वप्न पडतं. आई चंद्रमती देवीला बळी द्यायला सांगते, राजा जीवहत्येला नकार देतो. शेवटी तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून कापतात. रक्ताचा थेंब नाही, पण मारण्याचा भाव पुरा होता. त्या भावामुळे पुढच्या जन्मी राजा मोर होतो आणि आई कुत्रा, आणि मग तिर्यंच योनीतले जन्मामागून जन्म. म्हणजे हिंसा वस्तूत असते तशी मनातही असते.

अशा मुद्द्याला 'चालतं हो हल्ली' हे उत्तर होत नाही. मी कॉमर्सची विद्यार्थिनी. नुसती शिल्लक बघून हिशेबावर मत देऊ नये, पहिल्या नोंदीपर्यंत मागं जावं, एवढं कॉलेजात पक्कं शिकले. म्हणून वॅफलची पहिली नोंद शोधायला बसले.

वॅफल म्हणजे दोन तापलेल्या पत्र्यांच्या मध्ये भाजलेलं पीठ. युरोपात चर्चमध्ये प्रसादाची पातळ चकती करायला लांब दांड्यांचा, बिजागरीचा लोखंडी साचा असे. त्यात फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी. याच साच्यातून फ्रान्समध्ये 'ऊब्ली' नावाची पातळ, कुरकुरीत वडी निघाली, आणि तीच पुढं जाड होत वॅफल झाली. साच्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चौकटींची नक्षी आली. 'वॅफल' हा शब्द डच 'वाफेल'वरून आला आणि त्याचं नातं पोळ्याच्या घरांशीच आहे असं भाषेचे जाणकार सांगतात. (मध आपण खात नाही, पण पोळ्याच्या नुसत्या आकाराला हरकत घेऊ नये, एवढी सवलत मी मागून घेतली आहे.)

पडती बाजूही सांगते. पॅरिसमध्ये १३९३ च्या सुमारास एका गृहस्थानं आपल्या तरुण बायकोसाठी घर चालवायचं पुस्तक लिहिलं. त्यात वॅफलची कृती आहे, आणि तिच्यात अंडीही आहेत आणि वाइनही. म्हणजे अंडं सहाशे वर्षांपासून आहे. पण ते नंतर आलं. साचा आधीचा, आणि त्यातलं पीठ-पाणी आधीचं. अंडं काढलं तर उरतं ते मूळचंच.

डच लोकांबरोबर वॅफल अमेरिकेत गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांनी २४ ऑगस्ट १८६९ ला चुलीवर ठेवून उलटता येणाऱ्या वॅफल-साच्याचं पेटंट घेतलं. आमच्या बाजूला नुकतीच आगगाडी आली होती तेव्हाची ही गोष्ट. १८६१ मध्ये रूळ कसाऱ्याला पोचले आणि १८६५ मध्ये थळ घाट चढून इगतपुरीला. खर्डी आणि कसाऱ्याच्या मधलं आमचं उंबरमाळी त्याच रुळांवर आहे.

पण या सगळ्या शोधात मला सर्वांत मोलाची वाटली ती एका नवऱ्याची गोष्ट. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात आल्फ्रेड बर्ड नावाचे औषधविक्रेते होते. त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे आणि यीस्टही सोसत नसे. म्हणून त्यांनी १८३७ मध्ये अंड्याविना कस्टर्डची पावडर तयार केली, आणि १८४३ मध्ये यीस्टविना पाव फुगावा म्हणून बेकिंग पावडर. मैत्रिणींनो, ही गोष्ट वाचली तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. आपल्याला ज्या दोन वस्तू वर्ज्य, नेमक्या त्याच दोन वस्तू न चालणाऱ्या एका बाईसाठी ही पावडर जन्माला आली. तिचं कारण प्रकृतीचं होतं, आपलं धर्माचं. पण तिच्या ताटात जे पडू नये, तेच आपल्याही ताटात पडू नये. पुण्याच्या वेकफिल्डचा डबा आपण वर्षानुवर्षं आणतो, आणि यात 'त्यांचं' काहीतरी असेल म्हणून बिचकतो. खरं तर जणू आपल्याच मागणीवरून ती बनलेली आहे!

तिचं काम साधं आहे. एक आम्ल, एक खाण्याचा सोडा आणि दोघांना कोरडं ठेवायला स्टार्च. ओल आणि उष्णता लागली की वायू सुटतो आणि पीठ जाळीदार होतं. रात्रभर आंबवायचं नाही, म्हणजे शिळ्या पिठाचा प्रश्न नाही. मळलं की लगेच भाजायचं.

आता भोपळा. त्याच्यावर तर कुणाला शंकाच येत नाही, आणि खरा परदेशी तोच आहे! लाल भोपळ्याचं कूळ अमेरिका खंडातलं. मेक्सिकोतल्या वाहाका भागातल्या एका गुहेत त्याच्या एका भावंडाच्या सुमारे दहा हजार वर्षं जुन्या बिया सापडल्या आहेत. कोलंबस १४९२ मध्ये तिकडं गेला, पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५३४ मध्ये वसई. त्यांच्या जहाजांतून नव्या जगाची पिकं या किनाऱ्यावर उतरत गेली. मिरची, काजू, पपई, अननस, पेरू. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकून पोर्तुगीजांना उत्तर कोकणातून हाकललं, पण ही पिकं काही परत गेली नाहीत.

गंमत नावांची आहे. बटाटा, काजू, पपई, अननस ही नावं पोर्तुगीजांच्या तोंडचीच आपण उचलली. भोपळ्याला मात्र घरचंच नाव मिळालं. कारण भोपळा आपल्याकडे आधीपासून होता, तो म्हणजे दुधी. ज्याचा तुंबा होतो, मिरजेचे कारागीर ज्याच्या जातभाईचा तंबोरा करतात, तो. देवापुढं फोडतात तो कोहळाही जुनाच. त्यांच्यासारखाच वेल, तसंच मोठं फळ बघून लोकांनी पाहुण्याला 'लाल' किंवा 'तांबडा' असं विशेषण लावून घरात घेतलं. विदर्भ-खानदेशात तो डांगर झाला, कुठं काशीफळ, गंगाफळ. काशी आणि गंगा ही नावं मिळाल्यावर परकेपण विचारतो कोण! म्हातारी भोपळ्यात बसून लेकीकडून परत येते ती गोष्ट सांगताना आपण सगळ्याजणी लाल भोपळाच डोळ्यांपुढं आणतो.

नव्या जगातून बटाटाही आला आणि भोपळाही. बटाटा आपल्याला कंद म्हणून वर्ज्य, भोपळा वेलीवरचं फळ म्हणून ग्राह्य. बहुबीज म्हणावा तर बिया मधल्या गाभ्यात एकत्र असतात, गाभ्यासकट काढून टाकता येतात, म्हणून आमच्याकडे चालतो. कुठून आला हे आपल्या पूर्वजांनी विचारलं नाही. तो कसा वाढतो, त्यात जीव किती, एवढंच पाहिलं. नणंदेला मी हेच सांगितलं, आणि बर्डबाईंची गोष्टही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाव नक्कल करायचा नसला, तर नक्कल नाही." ती स्वतः खात नाही, तिचा रोजच्या द्रव्यांच्या मर्यादेचा नियम आहे. पण नातवंडांना वाढताना आता ती तोंड फिरवत नाही.

खरं तर असा पदार्थ आपल्या कोकण-ठाण्यातही आहे. पानगी! केळीच्या दोन पानांमध्ये तांदळाचं पीठ थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचं. पानाच्या शिरांची नक्षी पानगीवर उठते, तशीच साच्याची नक्षी वॅफलवर. आणि चवीला घारग्यांची आठवण येते, कारण भोपळा, गूळ आणि गव्हाचं पीठ तेच. फक्त कढईभर तेल वाचतं.

कृती अशी. भोपळ्याच्या फोडी वाफवून, पाणी निथळून, एक वाटी गर घ्यावा. गर कोमट असतानाच त्यात अर्धी वाटी किसलेला गूळ विरघळवावा. मग दीड वाटी चाळलेली कणीक (पावसाळ्यात आमच्याकडे तीन दिवसांच्या आतलंच पीठ), कुरकुरीतपणासाठी दोन चमचे तांदळाचं पीठ, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, चिमूट मीठ, तीन चमचे पातळ तूप आणि लागेल तसं पाऊण वाटीपर्यंत दूध. पीठ इडलीच्या पिठाएवढं सैल. अंडं पीठ बांधून ठेवतं म्हणतात, इथं ते काम भोपळ्याचा चिकट गरच करतो. अमेरिकेत भोपळ्याच्या गोडात दालचिनी, जायफळ, लवंग, आलं घालतात. आलं आपल्याला नको, पण सुंठ चालते. भोपळा तिकडून इकडं आला आणि हे मसाले पूर्वेकडून तिकडं गेले, तेव्हा देणं-घेणं फिटलं म्हणायचं. वरून लोण्याऐवजी तूप, मधाऐवजी काकवी.

सूर्यास्ताआधी आटपायचं असल्यानं मी चारलाच यंत्र लावते. अष्टमी-चतुर्दशीला करत नाही, त्या दिवशी भोपळा नाही. आणि उंबरमाळीत वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून सुनेला मी गॅसवर ठेवायचा दांड्याचा साचाही आणायला लावला. पहिला वॅफल बहुधा चिकटतो. साचा पुरता तापलेला नसतो, दुसऱ्यापासून सुटू लागतात. झाकण वाफ थांबेपर्यंत उघडू नये.

बिया टाकत नाही. राखेत चोळून, सावलीत वाळवून ठेवते. पावसाच्या तोंडावर पाड्यावरची भाजीवाली येते तेव्हा ती घेऊन जाते. उकिरड्याशेजारी टोचते, वेल कौलांवर चढवते, आणि दसऱ्याच्या सुमारास त्यातलाच एखादा भोपळा डोक्यावर घेऊन दारात येते. पैसे मात्र पूर्ण घेते.