आठ महिने, तीन अपघात : अवकाश स्थानकाची रसद

१/ किल्ल्याप्रमाणेच आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकही रसदेवर जगते. स्पेस शटल निवृत्त होण्यापूर्वीच, डिसेंबर २००८ मध्ये, नासाने मानवरहित मालवाहतुकीची कंत्राटे दोन खासगी कंपन्यांना दिली : स्पेसएक्सला १२ फेऱ्या, ऑर्बिटल सायन्सेसला ८.

२/ २८ ऑक्टोबर २०१४ रोजी ऑर्बिटलचे सिग्नस यान वाहणारा अँटारीस अग्निबाण उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळला. २८ एप्रिल २०१५ रोजी रशियाचे सरकारी प्रोग्रेस यान कक्षेत पोहोचून भरकटले. २८ जूनला स्पेसएक्सचा फाल्कन ९ आकाशातच फुटला.

३/ फाल्कनच्या टाकीतील हेलियमची बाटली धरून ठेवणारा धातूचा दांडा तुटला होता. ड्रॅगन यान मात्र शाबूत सुटले आणि संदेश पाठवत राहिले. अशा प्रसंगी हवाईछत्री उघडण्याची सोय त्याच्या संगणकप्रणालीत नव्हती. ते समुद्रात आदळले. पुढील यानांत ती सोय करण्यात आली.

४/ स्थानकावर तेव्हा तिघे अंतराळवीर होते आणि दोन्ही कंपन्यांची उड्डाणे थांबलेली होती. अखेर ५ जुलैला नवे प्रोग्रेस पोहोचले, ऑगस्टमध्ये जपानचे कोनोतोरी. डिसेंबरमध्ये सिग्नसही गेले, परंतु दुसऱ्या कंपनीच्या अ‍ॅटलास अग्निबाणावरून.

५/ रसदेच्या वाटा अनेक होत्या, म्हणून स्थानक तगले. जानेवारी २०१६ मध्ये पुढील कंत्राटे देताना नासाने दोनऐवजी तीन कंपन्या निवडल्या.