पाच अक्षरांचा घोळ

डीएनए म्हणजे चार अक्षरांची लांबच लांब स्ट्रिंग, अशी माझी प्रोग्रामरछाप समजूत होती. मागे धाकट्या बहिणीला (ती जेनेटिक्सवाली) एक स्क्रिप्ट लिहून दिली. डीएनएवर प्रथिनं जिथे चिकटतात त्या जागांमधलं अंतर मोजायचं आणि जवळच्या जोड्या वर दाखवायच्या, बास. ती हसली. "दादा, नुसतं अंतर काय मोजतोस? ती गोल जिन्यावर उभी आहेत!"

झालं, शनिवार-रविवार त्यातच गेला.

गोष्ट 1984 सालची. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठात रॉबर्ट श्लाइफ यांची लॅब ई. कोलाय जिवाणूवर काम करत होती. अरॅबिनोज ही साखर नसेल तेव्हा ती पचवणारी जनुकं 'अ‍ॅरा-सी' नावाचं प्रथिन बंद ठेवतं. आता बंद करायचं बटण जनुकाला खेटूनच असणार ना? पण टेरेसा डन आणि सहकाऱ्यांना त्यासाठी लागणारी एक जागा चक्क 280 अक्षरं अलीकडे सापडली. एवढ्या लांबून काम होतं कसं? प्रथिन डीएनएवरून सरकत येतं, की मधला डीएनए वाकून दोन जागा एकमेकींना भेटतात?

त्यांनी मधे जादा अक्षरं घुसडून पाहिली. 5 घातली, बंद होणं बिघडलं. 11 घातली, पुन्हा ठीक! 15 आणि 24 ला बिघाड, 31 ला ठीक. नुसतं सरकत यायचं असतं तर 5 ने अडून 31 ने चाललं नसतं. डीएनएचा एक फेरा साधारण 10.5 अक्षरांचा. 5 अक्षरं म्हणजे अर्धा फेरा, की एक जागा थेट पलीकडच्या बाजूला. आमच्या भाषेत, मॉड्युलो 10.5!

पण जिवंत पेशीत हजार भानगडी असतात. म्हणून मला 1986 चा हार्वर्डचा प्रयोग जास्त आवडला. अ‍ॅन हॉकशिल्ड आणि मार्क टाश्नी यांनी लॅम्डा विषाणूचं रिप्रेसर प्रथिन परीक्षानळीतच तपासलं. जागांमधे 5 किंवा 6 पूर्ण फेरे असले तर दोन प्रथिनं एकमेकांना धरून बसत, विरुद्ध बाजूंना असली तर नाही. शिवाय मधला डीएनए दर अर्ध्या फेऱ्याला आलटून-पालटून एन्झाइमने कधी सहज, तर कधी अवघडपणे कापला जाई. वाकल्याची खूणच ती.

स्क्रिप्टमधे मॉड्युलोची ओळ घातली. बहीण म्हणाली, "आणि अंतर हजारो अक्षरांचं असेल तर?" तेवढ्या लांब डीएनएला अर्धा पीळ सहज पडतो, मग बाजूचं फारसं अडत नाही. ओळीला एक इफ लावला.