हृदयविकाराच्या झटक्यानंतर रोगप्रतिकारक पेशींचे कार्य

हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाची रोहिणी अडून स्नायूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा थांबतो व तेथील पेशी मृत होतात. मोठ्या झटक्यात अशा सुमारे १ अब्ज पेशी नष्ट होऊ शकतात. प्रौढ हृदयात नव्या स्नायुपेशी अत्यंत मंद गतीने तयार होतात. वयाच्या पंचविशीत वर्षाला सुमारे १ टक्का, पुढे त्याहूनही कमी. त्यामुळे गेलेल्या स्नायूची जागा कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंचा व्रण घेतो. हा व्रण वेळेवर व मजबूत तयार होणे बऱ्याच अंशी रोगप्रतिकारक पेशींवर अवलंबून असते.

जखम भरण्याची प्रक्रिया

मृत पेशींतून बाहेर पडलेल्या घटकांमुळे दाह सुरू होतो. येथे दाह म्हणजे छातीत होणारी जळजळ नव्हे. इजा झालेल्या ऊतीचा प्रतिसाद, असा या शब्दाचा वैद्यकीय अर्थ आहे. काही तासांतच न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतात व विकरे सोडून मृत भागाचे विघटन करतात. त्यांचा मुक्काम लांबल्यास शेजारच्या जिवंत स्नायूलाही इजा होते. पाठोपाठ मोनोसाइट पेशी येतात. अस्थिमज्जेप्रमाणेच प्लीहेतही त्यांचा मोठा साठा असतो आणि झटक्यानंतर तो रक्तात उतरतो, हे २००९ साली उंदरांवरील प्रयोगांतून दिसून आले.

ऊतीत शिरलेल्या मोनोसाइटपासून मॅक्रोफेज, म्हणजेच महाभक्षी पेशी बनतात. नाव भक्षणाचे असले तरी त्यांचे अर्धे काम उभारणीचे आहे. उंदरांत पहिले तीन-चार दिवस दाह वाढवणाऱ्या व साफसफाई करणाऱ्या पेशींचे प्राबल्य असते. त्यानंतर दाह शमवणाऱ्या, नव्या रक्तवाहिन्यांना व कोलॅजननिर्मितीला चालना देणाऱ्या पेशी वरचढ ठरतात. मृत न्यूट्रोफिल गिळणे हाच महाभक्षी पेशींना या बदलाचा एक संकेत असतो. नियामक टी-पेशीही त्यास हातभार लावतात.

हा क्रम बिघडला तर हानी दोन्ही बाजूंनी होते. दाह अकाली दाबल्यास व्रण कच्चा राहून हृदयाची भिंत फाटू शकते. हा धोका मुख्यतः पहिल्या आठवड्यात असतो. दाह रेंगाळल्यास भिंत पातळ होते, कप्पा रुंदावतो आणि हृदय निकामी होण्याकडे वाटचाल सुरू होते.

उपचारांचे प्रयत्न

सरसकट दाह दाबण्याचा मार्ग फसवा ठरला. १९७० च्या दशकात स्टेरॉइड देऊन पाहिले असता एका अभ्यासात हृदयाचे नुकसान वाढलेले आढळले. पुढे संशोधकांनी नेमक्या रेणूंकडे लक्ष वळवले. २०१७ साली जाहीर झालेल्या कॅन्टोस चाचणीत, पूर्वी झटका येऊन गेलेल्या १०,००० हून अधिक रुग्णांमध्ये, इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबच्या १५० मिलिग्रॅम मात्रेने हृदयविकार व पक्षाघाताच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले. संधिवाताच्या एका प्रकारावरील जुने व स्वस्त औषध कोल्चिसिन २०१९ च्या चाचणीत उपयोगी ठरले, तर २०२४ मधील अधिक मोठ्या चाचणीत त्याचा लाभ दिसला नाही. या चाचण्यांनी पुढील झटके मोजले होते, व्रणाची भरण नव्हे, हा भेद वाचताना ध्यानी ठेवावा.

नवजात उंदराचे हृदय मात्र जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत इजा झाल्यास स्नायू पुन्हा निर्माण करू शकते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत अशा पिलांच्या महाभक्षी पेशी काढून टाकल्या, तेव्हा ही क्षमता नाहीशी होऊन तेथे व्रण तयार झाला.