सुरतेच्या पांजरपोळातील कासव

विसावे तीर्थंकर भगवान मुनिसुव्रतनाथ यांचे लांछन कासव होय. या मूक जीवाची प्रत्यक्ष सेवा घडल्याचा एक जुना दाखला सुरतेच्या इतिहासात आढळतो. कारंजेकरांना सुरत परकी नाही. बलात्कार गणाच्या भट्टारक परंपरेत कारंजा व सुरत या दोन्ही शाखा नांदल्या. विद्याधर जोहरापूरकर यांच्या ‘भट्टारक संप्रदाय’ (१९५८) या ग्रंथात त्यांचा वृत्तांत आहे.

वॉल्टर हॅमिल्टन यांच्या १८२० मधील हिंदुस्थानवर्णनात सुरतेच्या वाणी समाजाने चालविलेल्या पशुरुग्णालयाची हकीकत येते. १७७२ साली तेथे घोडे, बैल, शेळ्या, वानरे, कबुतरे यांच्यासमवेत ७५ वर्षे आश्रयास असलेले एक वृद्ध कासव होते. उंदीर, ढेकूण आदी क्षुद्र जीवांसाठीही स्वतंत्र विभाग असून त्यांना आहार दिला जाई.

एकाच छताखाली कासव आणि रक्त शोषणारे जीव, येथेच जीवदयेची कसोटी लागते. गोचीड कासवाच्या मान, पाय व शेपटीजवळील मऊ त्वचेला आणि कवचाच्या सांध्यांना चिकटतात. त्यांची संख्या वाढल्यास कासवास रक्तक्षय होतो व जखमा चिघळतात. गोचिडांतून इतर प्राण्यांचे रोगही पसरतात. झांबियातून अमेरिकेत नेलेल्या कासवांवरील गोचिडांत गुरांच्या ‘हार्टवॉटर’ या घातक रोगाचे जंतू आढळले होते. अशाच भीतीपोटी २००० साली त्या देशाने आफ्रिकी कासवांच्या तीन जातींची आयात थांबविली.

मग गोचीड काढावेत काय? शास्त्रदृष्ट्या कासव पंचेंद्रिय, गोचीड त्रींद्रिय. परंतु दोघेही जीवच. श्रावकाचार गृहस्थास संकल्पी हिंसेचा त्याग सांगतो. पीडिताचे दुःख दूर करणाऱ्या हाताचा संकल्प वधाचा नसतो. मात्र तो हात जाणता हवा. घाईने उपटल्यास गोचिडाचे तोंड त्वचेत तुटून राहते व जखम पिकते. म्हणून चिमट्याने त्वचेलगत धरून तो सावकाश काढावा लागतो. हे काम पशुवैद्यकाकडूनच व्हावे, हे उत्तम.

तारांकित कासव २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आले आहे. ते हौसेने घरी ठेवणे ही दया नव्हे, तो गुन्हा आहे. आजारी कासव आढळल्यास वनविभागास कळवावे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात सुरतेच्या त्या कासवाचे स्मरण उचित ठरावे. त्याची ७५ वर्षे एका पिढीने सांभाळली नाहीत. एकीने आरंभिलेली सेवा पुढचीने अखंड चालविली, म्हणूनच ते जगले.