उकिरडा कुणाच्या नावावर?

उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते, असं आपल्याकडे म्हणतात. ज्याने ही म्हण केली, त्याने उकिरडा लांबूनच पाहिला असावा. आपल्या आज्यांच्या काळात ती दैना दर वर्षी फिटायची, मृगाच्या आधी खत गाडीत भरलं की.

त्या वेळचा केर आठवून पाहा. शेण, चुलीतली राख, गुरांपुढचं चघळ, भाजीची देठं, अंगणातला पालापाचोळा. राखेने आधी भांडी घासायची, उरलेली पाटीत. फाटकं लुगडं गोधडीत जायचं. उकिरड्यावर पडेल ते कुजायचं. पहाटे गोठा झाडून डोक्यावर पाटी नेणारी बाईच असायची. पण रानात किती गाड्या खत पडलं, ते पुरुषांच्या बोलण्यात यायचं. सातबारा त्यांचा, म्हणून खतही त्यांचंच!

अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल ठेवायची, मधून मधून खालीवर करायचं. तीनेक महिन्यांत खत तयार. इथल्या शेतकऱ्यांना तो आपले गुरू मानायचा. गोठा झाडणारी बाईही त्या गुरूंमध्ये धरावी, असं आम्हाला वाटतं.

आपल्या जिल्ह्यात पुढे मोठं काम झालं. १९७५ साली अण्णा हजारे पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला परतले. तिथली पाणलोटाची कामं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण तिथे शेणाचाच नव्हे, सामूहिक संडासांचाही गोबरगॅस केला, हे कमी बोललं जातं. मग २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं. गावाने श्रमदान करायचं आणि बक्षीस मिळवायचं. आम्ही तेव्हा शाळकरी मुली. हातात खराटे घेऊन आम्हीही रस्ते झाडले, दारोदार रांगोळ्या काढल्या. त्याच सुमारास आमच्या गावाने उकिरडे वेशीबाहेर हलवले. गाव देखणं झालं, माश्या कमी झाल्या. डोक्यावरच्या पाटीची वाट किती लांबली, ते मात्र कुणी मोजलं नाही.

तोवर केरही बदलला होता. १९८० च्या दशकापासून शाम्पूच्या, मग गुटख्याच्या, कुरकुऱ्यांच्या पुड्या घरात आल्या. उकिरड्याला पहिल्यांदाच न पचणारी वस्तू मिळाली. खताबरोबर ती रानात गेली. खुरपताना आजही ती आपल्याच हाताला लागते. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, पुड्या राहिल्याच.

मागच्या बैठकीत आम्ही सहज विचारलं, चूल कशाने पेटवता? निम्म्याहून जास्त हात पुडीवर वर झाले. आमचेही त्यात होते. तो विषारी धूर आपण आणि मांडीवरचं लेकरू घेतो.

आता गटाने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. ओल्या केराचं गांडूळखत करायचं आणि त्याचे पैसे गटाच्या खात्यावर जमा करायचे, घरधन्याच्या हातात नाही. यावर दोन घरांत भांडणं झाली, ती अजून मिटलेली नाहीत. आणि पुड्या चुलीत न घालता खिळ्याला टांगलेल्या पिशवीत साठवायच्या. महिन्याभरात दोन पोती भरली. ती न्यायला कुणी येत नाही. येत्या ग्रामसभेला आम्ही ती डोक्यावर घेऊन जाणार आहोत.