रामगढच्या डोंगरातले प्रेक्षागृह

ग्रीसमध्ये एपिडॉरसचे नाट्यगृह पाहून आलेला माणूस तिथल्या दगडी पायऱ्यांबद्दल भरभरून बोलतो. छत्तीसगडच्या सरगुजा जिल्ह्यात, उदयपूरजवळच्या रामगढ डोंगरावर मात्र आपली मंडळी क्वचितच चढतात. हत्ती आत शिरेल एवढ्या ‘हाथीपोल’ नावाच्या नैसर्गिक बोगद्यातून पलीकडे गेले की वर कातळात दोन लेणी दिसतात, सीताबेंगा आणि जोगीमारा.

सीताबेंगा साधारण पंचेचाळीस फूट लांब आहे. आत भिंतींलगत खडकातच कोरलेले ओटे, बाहेर चंद्रकोरीसारखी वळलेली दगडी आसने, दाराशी जमिनीत खोबणी. पुरातत्त्व खात्याचे थिओडोर ब्लॉख १९०४ मध्ये इथे आले. खोबणीत खांब रोवून पडदा लावत असावेत, असा तर्क त्यांनी केला. त्यांच्या मते हे नाट्यगृहच होते, आणि घडणीवर ग्रीक छाप होती.

ग्रीक संबंध ही काही हवेतली गोष्ट नव्हे. गुजरातेतल्या भडोच बंदरात ग्रीक अक्षरांची, मिनँडरच्या नावाची जुनी नाणी चालत आणि राजासाठी गाणारी मुले जहाजातून येत, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रंथ सांगतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत तर यवन, म्हणजे ग्रीक, दात्याचा लेखच आहे.

पण भडोच कुठे आणि सरगुजाचे जंगल कुठे! शिवाय सीताबेंगाचा लेख ‘पेरिप्लस’च्याही आधीचा, इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या-दुसऱ्या शतकातला मानतात. एपिडॉरसला बारा-चौदा हजार माणसे बसत. इथे फार तर पन्नासेक. नाट्यमंडप डोंगरातल्या गुहेसारखा असावा, वारा कोंडलेला, आवाज घुमणारा, असे भरतमुनींचे ‘नाट्यशास्त्र’ सांगते. ते वाचल्यावर या लेण्याचे मूळ शोधायला समुद्रापार जायची गरज उरत नाही.

भिंतीवरचा ब्राह्मी लेखही तेच सुचवतो. ब्लॉख यांच्या वाचनानुसार त्यात मने उजळवणारे कवी आहेत, वसंतातली पौर्णिमा आहे, झोके आहेत, गळ्यात जाईच्या माळा घातलेली माणसे आहेत. शेजारच्या जोगीमाऱ्यात सुतनुका नावाच्या देवदासीवर वाराणसीच्या देवदिन्नाचे प्रेम होते, एवढेच कोरले आहे. तो शिल्पी होता की नट, यावर विद्वान अजून भांडतात. त्या काळच्या राजांच्या आज्ञा आपण पाठ करतो. दोन सामान्य कलावंतांची नावे एवढी जुनी मिळणे त्याहून मोलाचे आहे.

मराठी वाचकाला रामगढ माहीत असतो तो दुसऱ्याच वादामुळे. ‘मेघदूता’तला रामगिरी हाच, असे काहींचे म्हणणे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मात्र नागपूरजवळच्या रामटेकचा पक्ष ठामपणे मांडला. मिराशींचे म्हणणे पटण्याजोगे आहे, आणि त्याने सीताबेंगाचे काहीच जात नाही. कालिदास जन्मण्याआधी निदान पाचशे वर्षे तिथे कवींची मैफल भरत होती.